तांबळबेटची सुरंगी

ऋजुता यंत्र घेऊन आली त्या दिवशी बाबांनी होडी आतून घासूनपुसून ठेवली होती. मासळीचा वास यंत्राला लागू नये, एवढाच हेतू. यंत्र जेमतेम नारळाच्या करवंटीएवढं होतं आणि वासानं त्याचं काही बिघडणार नव्हतं, पण ऋजुतानं तसं सांगितलं नाही. फळीवर बसून तिनं ते मांडीवर घेतलं आणि बाबांनी इंजिन सुरू केलं. २०४३ सालचा फेब्रुवारी होता. समुद्र शांत होता.

तांबळबेट वायंगणखोल गावाच्या किनाऱ्यावरून दिसतं. वर जांभ्या दगडाचं उघडं पठार, म्हणजे सडा, पश्चिमेच्या उतारावर गोड्या पाण्याचा एक झरा, आणि त्या झऱ्याच्या आसऱ्यानं उभी असलेली अकरा म्हातारी झाडं. गाव त्यांना बेटसुरंगी म्हणायचा. सुरंगी सिंधुदुर्गात कुणाला नवी नाही. उन्हाळा लागला की तिच्या कळ्यांच्या वेण्या बाजारात येतात आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत पोचतो. बेटावरची सुरंगी तिचीच बहीण, पण फार जुनी ताटातूट झालेली. हजारो वर्षांपूर्वी समुद्र चढला, बेट किनाऱ्यापासून तुटलं, आणि तिथं अडकलेली झाडं खाऱ्या वाऱ्यात आपल्या परीनं बदलत गेली. बुटकी झाली, पानं जाड झाली, फूल लहान झालं. जगाच्या पाठीवर ती दुसरीकडे कुठंच नव्हती.

एके काळी तिथं शेकड्यानं झाडं असावीत. वल्ह्यांसाठी तोडली गेली. मग कुणीतरी बेटावर बकऱ्या सोडल्या, त्यांनी रोपं खाल्ली. होड्यांतून उंदीर उतरले, त्यांनी बिया खाल्ल्या. ऋजुता पहिलीत असताना बंगळुरूच्या एका संस्थेची माणसं पाहणीला आली ती तिच्या बाबांच्या, म्हणजे गुरुनाथ कुबलांच्या होडीतून. परतताना त्यांनी गुरुनाथना विचारलं, राखण कराल का? तेव्हापासून बाबांनी मासेमारी जवळपास सोडलीच. बकऱ्या धरून किनाऱ्याला आणल्या, उंदरांसाठी सापळे लावले, झाडांखालच्या बिया गोळा करून रोपं केली. पहिली काही वर्षं सगळी मेली. नंतर जगायला लागली. आता उतारावर साठेक तरणी झाडं उभी होती, काही बाबांच्या डोक्यावरून गेलेली, आणि यंदा त्यांतल्या चारदोन झाडांना पहिल्यांदाच कळ्या धरल्या होत्या.

ऋजुता वनस्पतींच्या जनुकांवर काम करायला लागली ती या झाडांमुळेच. आता ती त्याच संस्थेत होती, आणि हे जनुकं वाचणारं यंत्र बेटावर आणण्याचा हट्ट तिनंच धरला होता.

"काय काय सांगतला ह्या?" बाबांनी इंजिनाच्या आवाजावरून ओरडून विचारलं.

"झाडाच्या आईबापसाची सगळी कुंडली," ती म्हणाली, आणि बाबा खूश होऊन हसले.

यंत्राचं तत्त्व सोपं होतं. पानाचा एक ठिपका टोचून घ्यायचा, तो एका थेंबात विरघळवायचा. यंत्राच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याला इतकी बारीक छिद्रं, की जनुकाचा धागा एकेका छिद्रातून सुईत ओवल्यासारखा एकटाच जाऊ शकतो. धागा सरकताना विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त होतो आणि त्या चढउतारावरून धाग्यावरची अक्षरं ओळीनं वाचता येतात. पूर्वी यासाठी मोठी प्रयोगशाळा आणि काही आठवडे लागत. आता दगडावर बसून चहा संपेपर्यंत काम होत होतं.

बाबा पुढं चालत होते. प्रत्येक झाडाभोवती त्यांनी जांभ्याचे तुकडे गोल मांडले होते. ते फांदी वाकवून धरत, ती पान टोचत असे. म्हाताऱ्या झाडांची अक्षरं तिनं आधी वाचून घेतली, मग तरण्यांची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला काय ते कळलं होतं. तिनं यंत्र दोनदा पुसलं, नवा पडदा घातला, पुन्हा वाचलं. उत्तर तेच आलं.

"चांगला आसा मां सगळा?" बाबांनी विचारलं.

"बंगळुरूला जाऊन परत तपासूक होया," ती म्हणाली.

तरण्या झाडांपैकी फक्त पाच निव्वळ बेटसुरंगीची होती. बाकीच्यांची आई बेटावरची, पण बाप किनाऱ्यावरचा. गेल्या वीस वर्षांत अत्तरवाल्यांची मागणी वाढली होती आणि वायंगणखोलपासून दोन्ही बाजूंना सुरंगीच्या बागा उभ्या राहिल्या होत्या. आग्या मधमाश्या समुद्र ओलांडून बेटावर येत, आणि येताना किनाऱ्यावरच्या लाखो फुलांचे पराग घेऊन येत. सुरंगीत नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बेटावर नरझाडं दोनच उरली होती, तीही थकलेली. त्यांच्या परागांचा त्यात काय निभाव लागणार?

धोका तिला लगेच दिसला. ही मिश्र झाडं आता फुलणार. त्यांचे पराग म्हाताऱ्या झाडांवर पडणार, त्यातून होणाऱ्या रोपांत बेटाचा अंश आणखी पातळ होणार. सोलकढीत पाणी घालत राहिलं की शेवटी नुसता रंग उरतो, तसं. हजारो वर्षांत बेटावर घडलेलं झाड चारपाच पिढ्यांत विरून जाणार आणि कुणाला ते कळणारसुद्धा नाही, कारण उतारावर झाडं तर हिरवीगारच दिसतील.

संस्थेच्या समितीच्या बैठकीत तिनं हे सगळं मांडलं. मिश्र झाडं फुलण्याआधी काढून टाकावीत, ही शिफारस तिची होती. समितीत गोव्याच्या वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर फिलोमेना लोबो होत्या. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून त्यांना बोलावत असत.

"सगळी कशाला काढायची?" त्या म्हणाल्या. "दहा ठेवूया. आपलं काही चुकलं तर हाताशी असू देत."

"दहा झाडं म्हणजे दहा झाडांचा फुलोरा, मॅडम," ऋजुता म्हणाली. "बेटावर दोनच नर आहेत. दहा झाडं त्यांना सहज बुडवतील. आणि उपटून किनाऱ्यावर लावायची म्हटली, तर सुरंगीचं सोटमूळ इतकं खोल जातं की एकही जगणार नाही."

"बिया जपून ठेवता येतील का?"

"नाही. वाळवलं की बी मरतं. ऊती वाढवायला घेतल्या की चीक काळा पडतो. आपण तीनदा करून बघितलंय. जिवंत झाड हीच एक तिजोरी आहे. म्हणून तर ती शुद्ध राहिली पाहिजे."

लोबोबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ठराव झाला. पुढं झाडांखाली उगवणारं मिश्र रोपही लगेच उपटून टाकायचं, असंही त्यात होतं.

बाबांना सांगायला ती स्वतः गावी गेली. फोनवर सांगणं तिला बरं वाटलं नाही. संध्याकाळी तिघं ओटीवर बसली होती. आई, वैजयंती, अंगणवाडीतून निवृत्त झालेली, सुपात तांदूळ निवडत होती. ऋजुतानं जमेल तितकं सोपं करून सांगितलं.

"म्हंजे ही सुरंगी न्हय?" बाबांनी विचारलं.

"सुरंगी आसा. पण बेटावरची न्हय. अर्धी-अर्धी."

"बी तर मी त्याच झाडांखालची उचललंय."

"आवस तीच, बाबा. बापूस किनाऱ्यावरचो."

बाबा अंगणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आता झाडांची पण जात बघतत?"

"ही ती जात न्हय."

"शब्द तर तोच आहे," आई सुपातून मान वर न करता म्हणाली.

आई कोल्हापूरकडची, दुसऱ्या जातीची. तिला या घरात आणली तेव्हा ऋजुताच्या आजीनं दोन वर्षं पाण्याच्या कळशीला हात लावू दिला नव्हता. घरात हे कुणी बोलत नसे, पण सगळ्यांना माहीत होतं. ऋजुताला राग आला. विषयाशी त्याचा काही संबंध नव्हता, असं तिला मनापासून वाटत होतं.

"मीपण अर्धी-अर्धीच आहे, आई. मला काय कळत नाही का? पण माझ्यासारखी माणसं जगात पुष्कळ आहेत. ती झाडं अकराच आहेत. ती गेली की गेली."

आईनं सुपातले खडे वेचून अंगणात टाकले. बाबा म्हणाले, "मी दर वर्षी कळ्ये काढून टाकतलंय. बायका वेणीसाठी काढतत तशे. एक पण फुलूक देवचंय नाय."

"किती वर्षं काढतलंस? साठ झाडां, बाबा. आणि तुझ्या मागसून कोण काढतलो? एक फांदी चुकली तरी झाला."

"तुका खात्री आसा?"

तिनं त्यांच्याकडे बघितलं. ते भांडत नव्हते. ते खरंच विचारत होते, जसं समुद्रावर जायच्या आधी हवामान विचारावं.

"आसा," ती म्हणाली.

"मगे काढतलंय."

संस्थेनं मजूर द्यायची तयारी दाखवली होती. बाबांनी नको म्हटलं. ऋजुता मदतीला थांबली, तीही पहिला दिवसच. बाबा झाडाभोवतीचे जांभ्याचे तुकडे आधी बाजूला काढून ठेवत, मग कुदळीनं मूळ मोकळं करत. ते घाई करत नव्हते आणि थांबतही नव्हते. तिसऱ्या झाडाला कळ्या होत्या, उघडायच्या बेतात आलेल्या. बाबांनी त्या झाडाला आधी हात लावला नाही. पुढची दोन काढली, मग परत येऊन तेही काढलं. सोटमूळ कातळाच्या भेगेत शिरलं होतं. ते ओढताना त्यांचा पाय घसरला आणि ते खाली बसले. ऋजुता धावली.

"काय होवक नाय," ते म्हणाले. "तू जा आता. उन लागतला तुका."

त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. तरी तिला कळलं की त्यांना आपण इथं नको आहोत. ती होडीजवळ जाऊन बसली. वरून कुदळीचा आवाज येत राहिला.

ती बंगळुरूला परतल्यावर बाबांचे फोन कमी झाले. आधी ते रोज झाडांचं काहीबाही सांगत: कुठल्या झाडाला पालवी आली, कुठं माकोडे लागले. आता आईच बोलायची. बाबा कुठं आहेत विचारलं तर म्हणायची, बेटावर. काय करतात तिथं, असं विचारलं तर म्हणायची, बसतात. उरलेल्या पाच तरण्या झाडांना पाणी घालतात आणि बसतात.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर बाबांचा फोन आला. म्हाताऱ्या झाडांपैकी एकाची पानं शेंड्याकडून पिवळी पडत होती.

ती पोचली तेव्हा चार झाडं पिवळी झाली होती. तिनं मुळाशी उकरलं. साल हाताला लगदा लागावा तशी सुटून आली आणि आंबूस वास आला. मूळकुज. बुरशीसारखा हा जीव ओल्या मातीत पोहतो. मुळाच्या वासानं त्याच्यापर्यंत जातो आणि आतून पाण्याच्या वाटा बंद करतो. झाड भर पाण्यात तहानेनं मरतं. पाऊस आता दिवाळीनंतरही रेंगाळत असे, माती सुकतच नसे. बेटावर ही कुज पूर्वी कधीच नव्हती. कुणाच्या चपलेबरोबर आली, की कुणाच्या कुदळीबरोबर, ते शेवटपर्यंत कळलं नाही. किनाऱ्यावरच्या बागांतही ती होती, पण तिथली झाडं आजारी दिसत नव्हती.

का दिसत नव्हती, ते ऋजुतानं यंत्रावर शोधून काढलं. किनाऱ्यावरच्या सुरंगीत एक जनुक होतं, ते या कुजीला मुळाच्या बाहेरच अडवत होतं. बेटाच्या सुरंगीत ते नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याची गरजच पडली नव्हती, म्हणून कधीतरी गळून गेलं असावं. मग तिनं जुनी नोंद उघडली. उपटलेल्या प्रत्येक झाडाची अक्षरं यंत्रात जशीच्या तशी होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक झाडांत ते जनुक होतं. बापाकडून आलेलं.

ती संगणकाच्या पडद्यापुढं बसून राहिली. त्या झाडांचं एकेक अक्षर तिच्यापाशी होतं, आणि नुसत्या अक्षरांतून झाड उभं करण्याची विद्या जगात कुणापाशी नव्हती.

औषधं झाली. मुळांत सुया टोचून झाल्या. झऱ्याचं पाणी पाटानं वळवून झालं. पाच तरणी झाडं आधी गेली, मग नर, मग एकेक करून बाकीची. पुढच्या फेब्रुवारीत उताराच्या अगदी वरच्या अंगाला एकच झाड जिवंत होतं. त्याची एक फांदी हिरवी होती आणि त्या फांदीवर फुलं आली होती.

ऋजुता किनाऱ्यावरच्या बागेत गेली, पहाटे उघडलेल्या नरफुलांचे पराग तिनं कुपीत भरले आणि होडीत येऊन बसली. बाबांनी कुपीकडे बघितलं.

"किनाऱ्यावरचे?"

"होय."

"ता आता चलता?"

"चलता," ती म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

त्या फांदीवरच्या एकेका फुलाला तिनं कुंचल्यानं पराग लावले. आता मधमाशीवर विसंबायला वेळ नव्हता. बाबा खाली उभं राहून शिडी धरत होते. दहाबारा फळं धरली. बाबा रोज बेटावर जाऊन बघून येत आणि संध्याकाळी फोन करून सांगत. पुन्हा पूर्वीसारखं त्यांचं बोलणं सुरू झालं होतं. आज फळ बोराएवढा झाला. आज सुपारीएवढा. एप्रिलच्या शेवटी त्यांचा फोन आला नाही. तिनंच केला. फळं हिरवीच गळाली होती. झाडात ती पिकवण्याइतकं बळ नव्हतं.

ऋजुता मे महिन्यात बेटावर आली तेव्हा शेवटची फांदी वाळली होती. तिनं नखानं साल खरवडून बघितली. आत तपकिरी होतं. तिनं दुसरीकडे खरवडलं, तिथंही तपकिरी. बाबा झऱ्यापाशी बसले होते. ती त्यांच्याकडे गेली नाही. ती बेट शोधायला लागली.

आपण काय शोधतोय हे तिनं स्वतःलाही नीट कबूल केलं नव्हतं. ती सड्याच्या कडेनं गेली, करवंदीच्या जाळ्यांत वाकून बघितलं, पूर्वेच्या घळीत उतरली, जिथं वारा लागत नाही आणि माणूस सहसा जात नाही. एखादं झाड बाबांनी राखलं असेल. एखादं रोप, पालापाचोळ्याखाली झाकून, मुलीच्या नजरेआड ठेवलेलं. दर वर्षी कळ्या काढून टाकत असतील, ते म्हणाले होते तसं. एकच पुरे होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती मनोमन मागत होती की बाबांनी आपलं ऐकलेलं नसावं. घळीत एका ठिकाणी जाड पानं दिसली आणि ती काट्यांतून तिकडे घुसली. ते किनाऱ्यावर कुठंही उगवणाऱ्या उंडीचं झाड होतं.

ती परत आली तेव्हा तिचे हात काट्यांनी ओरबाडले होते. बाबांनी ते बघितलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

"बाबा," ती म्हणाली, "तेव्हा तू सगळी झाडां काढलंस?"

"होय."

"एक पण ठेवूक नाय? खरा सांग. मी रागावचंय नाय."

"खराच सांगतंय," ते म्हणाले. "एक पण नाय. मूळ कातळात ऱ्हवला तर परत फुटात, म्हणून मी पहारीन काढलंय. तू सांगलेलंस मां."

तिनं बाटली हातात तशीच धरली होती. बाबा तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, आणि तिला काय हवं होतं ते हळूहळू त्यांच्या ध्यानात आलं. ते घाबरले. एवढ्या वर्षांत तिनं त्यांना समुद्रावरसुद्धा कधी घाबरलेलं बघितलं नव्हतं.

"ठेवूक होया होता काय गो?" त्यांनी विचारलं. "माजा चुकला?"

"नाय, बाबा. तुजा नाय. माजा चुकला."

"तुजा कसा चुकतला?" ते म्हणाले. "तू शिकलंस."

ते टोचून बोलले असते तर तिला सोसलं असतं. पण ते खरंच विचारत होते, आणि उत्तराची वाट बघत होते. ऋजुता त्यांच्याजवळ खाली दगडावर बसली. बाबांनी तिच्या हातातली बाटली घेतली, झाकण उघडलं आणि तिच्या ओरबाडलेल्या हातांवर थोडंथोडं पाणी ओतलं. तिनं हात धुतले.

ऊन कलल्यावर बाबा उठले. बिया रुजवायला त्यांनी केलेल्या रोपवाटिकेवर हिरवी जाळी बांधलेली होती. खाली आता नुसती माती होती. ते एका खांबापाशी जाऊन जाळीची गाठ सोडायला लागले. गाठ खाऱ्या हवेनं घट्ट झाली होती. ऋजुता पलीकडच्या खांबाकडे गेली आणि तिनं दुसरं टोक धरलं.